वॉक-इन कोल्ड रूमची नियमित देखभाल : नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

हॉटेल, दुग्धालय, मिठाईचे दुकान किंवा केटरिंगचे मोठे स्वयंपाकघर असो, कोल्ड रूम असतेच. पण तिच्याकडे लक्ष कोणी द्यायचे हे बहुतेक ठिकाणी ठरलेले नसते. मालक म्हणतो की मेकॅनिक येतो ना, आणि मेकॅनिक येतो तो कूलिंग बंद पडल्यावर. प्रत्यक्षात कोल्ड रूम एका दिवसात क्वचितच बिघडते. ती आठवडेच्या आठवडे लहान लहान खुणा देत असते, आणि त्या खुणा रोज दार उघडणाऱ्या माणसालाच दिसू शकतात. म्हणून हा लेख मेकॅनिकसाठी नसून, ज्याच्या हातात नुकत्याच किल्ल्या आल्या आहेत अशा स्टोअरकीपरसाठी, किचन मॅनेजरसाठी किंवा स्वतः दुकान सांभाळणाऱ्या मालकासाठी आहे.

आधी यंत्रणा ओळखावी

कोल्ड रूम म्हणजे पफ (उष्णता रोखणारा फोम) भरलेल्या पॅनेलची खोली आणि तिच्यातली उष्णता बाहेर काढून टाकणारे यंत्र. आत छताजवळ पंखे असलेले जे युनिट दिसते तो इव्हॅपोरेटर. तो खोलीतील हवेची उष्णता शोषून घेतो. बाहेर, बहुधा गच्चीवर किंवा मागच्या गल्लीत, कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर असतात. कंडेन्सर ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. आतल्या आणि बाहेरच्या युनिटला तांब्याच्या दोन नळ्या जोडतात, आणि त्यांतून उष्णता वाहून नेणारा ‘गॅस’ (रेफ्रिजरंट) फिरतो. जाड, इन्सुलेशन घातलेली नळी थंड असते आणि बारीक नळी कोमट असते. पहिल्याच दिवशी या सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत, विशेषतः कॉम्प्रेसरवरील माहितीच्या पट्टीचा आणि कंट्रोलरच्या (तापमान दाखवणाऱ्या आणि नियंत्रित करणाऱ्या डबीच्या) सेटिंगचा. पुढे काही बदलले आहे का, हे ठरवायला चालू स्थितीतले हे फोटोच उपयोगी पडतात.

यानंतर लगेच एक गोष्ट तपासावी, आणि ती तपासल्याशिवाय कोणालाही एकट्याने आत पाठवू नये. दार पूर्ण लावून, बाहेर एक माणूस उभा करून, आतली सुटकेची मूठ दाबून पाहावी. दाराला बाहेरून कुलूप असतानाही आतून दार उघडता आले पाहिजे. मूठ गंजलेली असेल, तिच्यासमोर क्रेट रचलेले असतील किंवा अंधारात ती दिसत नसेल, तर इतर सर्व कामे बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करून घ्यावे. उणे १८ अंशांच्या खोलीत साध्या कपड्यांत अडकलेल्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो. आत धोक्याची घंटा असेल तर ती बाहेर ऐकू येते का, हेही दर महिन्याला पाहावे.

रोजचे काम : तापमान आणि वही

दूध, पनीर, भाजी, मॅरिनेट केलेले मांस यांसाठी खोलीचे तापमान २ ते ४ अंश सेल्सिअस ठेवावे. ५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. गोठवलेल्या मालासाठी उणे १८ किंवा त्याहून कमी. अन्नसुरक्षा निरीक्षक आले तर ते याच आकड्यांची नोंद मागतात, पण वही त्यांच्यासाठी ठेवायची नाही, स्वतःसाठी ठेवायची आहे.

सकाळी दार पहिल्यांदा उघडण्यापूर्वी एकदा आणि संध्याकाळी गर्दीच्या आधी एकदा, असे दोनदा तापमान लिहावे. सकाळचा आकडा यंत्राची तब्येत सांगतो, कारण रात्रभर दार बंद असते आणि नवा मालही आलेला नसतो. संध्याकाळचा आकडा आपल्या वापराच्या सवयी सांगतो. सकाळचा आकडा पंधरा दिवसांत ३ वरून ४, ४ वरून साडेचार असा हळूहळू चढत गेला, तर त्या क्षणी कूलिंग ठीक वाटत असले तरी बिघाड सुरू झालेला आहे. एकेका दिवसाचा आकडा पाहून हे कधीच लक्षात येत नाही. आकड्याशेजारी तपासणीची वेळ आणि डीफ्रॉस्ट (इव्हॅपोरेटरवरचा बर्फ वितळवण्याचा टप्पा) चालू होता का, एवढे जरूर लिहावे, कारण डीफ्रॉस्टच्या वेळी तापमान थोडे चढलेले दिसणे स्वाभाविक आहे.

कंट्रोलरवर दिसणारा आकडा खरा आहे याची खात्री महिन्यातून एकदा करून घ्यावी. एका ग्लासात ठेचलेला बर्फ भरून त्यात थोडे पाणी घालावे, ढवळावे आणि वेगळ्या डिजिटल थर्मामीटरचे टोक तळाला न टेकवता चार-पाच मिनिटे मधोमध धरावे. तो शून्याच्या आसपास, अर्ध्या अंशाच्या फरकाने दाखवत असेल, तर थर्मामीटर विश्वासू आहे. मग तोच थर्मामीटर खोलीत कंट्रोलरच्या सेन्सरशेजारी टांगून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल, तर मेकॅनिकला सेन्सर तपासायला सांगावे.

दार

कोल्ड रूममध्ये शिरणारी नको असलेली उष्णता आणि ओलावा बहुतांशी दारातूनच येतात. दाराच्या कडेचे रबरी गॅस्केट तपासण्याची सोपी पद्धत अशी : वर्तमानपत्राची पट्टी दाराच्या फटीत अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती थोडा विरोध करून निघाली पाहिजे. सहज सरकून आली तर त्या जागी रबर दाबत नाही. हे चारही बाजूंनी, दर वीतभर अंतरावर करावे. बिजागरीच्या बाजूला रबर चेपलेले आणि खालच्या कोपऱ्यात फाटलेले हमखास सापडते, कारण ट्रॉली तिथेच आपटते. गॅस्केट आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पुसावे. साखरेचा पाक, तूप, दुधाचे थेंब रबराच्या घड्यांत साचले की काळी बुरशी धरते आणि रबर कडक होते.

प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा असेल तर तो बाजूला बांधून ठेवू नये. काम अडते म्हणून पोरे तो दोरीने बांधतात. पडदा पुरेसा पारदर्शक राहिला आणि तुटलेल्या पट्ट्या वेळेवर बदलल्या, तर बांधण्याची गरज भासत नाही. फ्रीझरच्या, म्हणजे उणे १८ अंशांच्या खोलीच्या, दाराच्या चौकटीत हीटरची तार असते. चौकटीला हात लावून ती किंचित कोमट आहे का हे पाहावे. ती थंडगार लागून तिच्यावर बर्फ दिसू लागला तर तार जळालेली असण्याची शक्यता असते. फ्रीझरचे दार एकदा लावल्यावर लगेच पुन्हा उघडता येत नसेल, तर हवेचा दाब सांभाळणारा लहान व्हेंट बर्फाने बंद झालेला असतो. त्याकडे दुर्लक्ष करून दाराला हिसके देत राहिल्यास बिजागऱ्या आणि पॅनेल दोन्ही जातात.

माल कसा ठेवावा

भिंतीपासून चार ते सहा इंच आणि इव्हॅपोरेटरच्या समोर किमान दीड फूट जागा मोकळी सोडावी. माल जमिनीवर न ठेवता प्लास्टिकच्या पॅलेटवर ठेवावा. इव्हॅपोरेटरच्या पंख्यांची हवा समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन खालून परत यायला हवी. क्रेट छतापर्यंत रचले की पुढचा माल गोठतो आणि मागचा माल गरम राहतो. कंट्रोलर मात्र ठीक तापमान दाखवत असतो.

गरम पदार्थ आत ढकलण्याची सवय सर्वांत महागात पडते, आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत ती हटकून दिसते. हिशेब करून पाहावा. ८० अंशांचे ४० लिटर दूध ४ अंशांपर्यंत थंड करायला साधारण ३.४ युनिट (किलोवॅट-तास) इतकी उष्णता बाहेर काढावी लागते. एक टनाचे यंत्र तासाला सुमारे ३.५ युनिट उष्णता काढते. म्हणजे फक्त त्या एका पातेल्यासाठी यंत्राचा जवळजवळ अख्खा तास खर्च होतो, आणि तोपर्यंत शेजारच्या श्रीखंडाचे आणि खव्याचे तापमान चढत राहते. शिवाय उघड्या पातेल्यातील वाफ थेट इव्हॅपोरेटरच्या कॉइलवर (नळ्या आणि पापुद्र्यांच्या जाळीवर) बर्फ होऊन बसते. पातेले आधी थंड पाण्यात किंवा बर्फात ठेवून ढवळत थंड करावे, उथळ ट्रेमध्ये काढावे आणि झाकूनच आत न्यावे.

कंडेन्सरची सफाई

एकाच कामाला वेळ मिळत असेल, तर तो कंडेन्सरला द्यावा. बाहेरचे युनिट हवा ओढत राहते आणि धूळ, चिमणीचे तेल, कबुतरांची पिसे, भाजणीचा भुसा हे सर्व त्याच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांत अडकते. उष्णता बाहेर जाईनाशी झाली की आतला दाब आणि तापमान वाढते, कॉम्प्रेसर जास्त करंट घेतो आणि शेवटी हाय प्रेशर कटआऊट (दाब फार वाढल्यावर सुटणारा सुरक्षा स्विच) त्याला बंद पाडतो. कंडेन्सिंग तापमान एक अंशाने वाढले तर विजेचा वापर ढोबळमानाने २ ते ३ टक्क्यांनी वाढतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, स्वच्छ कंडेन्सरलाही ५५ ते ६० अंशांवर काम करावे लागते. त्यात घाण असेल तर यंत्र दुपारी दोन वाजता ट्रिप होणारच, आणि मग कोणीतरी गॅस कमी झाल्याचा निष्कर्ष काढतो.

सफाईसाठी आधी बाहेरच्या युनिटचा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बंद करावा आणि त्यावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावावी. नुसता कंट्रोलर बंद करणे पुरेसे नाही, कारण पंखा कधीही आपोआप सुरू होऊ शकतो. कॉइलच्या एका बाजूने टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. उजेड आरपार दिसत नसेल तर वरून स्वच्छ वाटणारा कॉइलही आतून तुंबलेला असतो. मऊ ब्रश पापुद्र्यांच्या दिशेनेच, वरून खाली फिरवावा. आडवा फिरवला तर पापुद्रे वाकतात. त्यानंतर हवा ज्या दिशेने आत जाते त्याच्या उलट दिशेने, आतून बाहेर, नळाच्या साध्या धारेने पाणी मारावे. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप वापरू नये. तेलकट थर असेल तर कॉइलसाठीचे सौम्य क्लीनर वापरावे. ॲसिड किंवा कॉस्टिक घातलेली द्रावणे ॲल्युमिनियम खातात. पंख्याच्या मोटरवर आणि विजेच्या डब्यावर आधी प्लास्टिक बांधावे. सर्व वाळल्यावरच वीज सुरू करावी.

किती दिवसांनी? बंदिस्त, स्वच्छ जागी दोन महिन्यांतून एकदा चालेल. तळणीच्या चिमणीजवळ पंधरा दिवसांनी करावे लागेल. मालवण, रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर दर महिन्याला गोड्या पाण्याने धुणे आवश्यक आहे, कारण खारी हवा पापुद्र्यांना आणि तांब्याच्या जोडांना कुरतडते. तेथे नवे युनिट घेताना कोटिंग केलेला कॉइलच मागावा.

इव्हॅपोरेटर, डीफ्रॉस्ट आणि ड्रेन

उन्हाळा कंडेन्सरची परीक्षा घेतो, तसा पावसाळा इव्हॅपोरेटरची. जुलैमध्ये कोकणात २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असते. ३ अंशांच्या हवेत जेमतेम ६ ग्रॅम मावते. दार उघडल्यावर आत शिरलेल्या प्रत्येक घनमीटरमागे अठरा ग्रॅमच्या आसपास पाणी कॉइलवर येऊन बसते. म्हणूनच मे महिन्यात निर्धोक चालणारी डीफ्रॉस्टची सेटिंग पावसाळ्यात अपुरी पडते.

२ ते ४ अंशांच्या खोलीत कॉम्प्रेसर थांबवून फक्त पंखे चालू ठेवले तरी बर्फ वितळतो. फ्रीझरमध्ये विजेचा हीटर लागतो, आणि तो साधारणपणे दिवसातून तीन-चार वेळा वीस-तीस मिनिटे चालतो. त्यानंतर पाणी गळून जाईपर्यंत पंखे थांबलेले असतात. ही थांबण्याची वेळ कमी केली तर पाण्याचे थेंब उडून छतावर आणि मालावर गोठतात. डीफ्रॉस्ट संपल्यावर टॉर्च घेऊन कॉइल पाहावा. सर्व पृष्ठभाग मोकळा दिसला तर ठीक. पातळ, सारखा, पांढरा थर कूलिंग चालू असताना दिसणे सामान्य आहे. पण डीफ्रॉस्टनंतरही एका बाजूला बर्फाचा ठोकळा राहत असेल, तर बहुधा त्या बाजूचा हीटर गेलेला असतो. थर फक्त कॉइलच्या सुरुवातीच्या भागात आणि उरलेला भाग कोरडा असेल, तर गॅस कमी असल्याची किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) अडल्याची शक्यता आहे. या दोन्ही खुणांचा फोटो काढून मेकॅनिकला पाठवला, तर तो योग्य सुटा भाग घेऊन येतो आणि एक फेरी वाचते.

बर्फ काढायला सुरी, स्क्रूड्रायव्हर, सळई यांपैकी काहीही वापरू नये. बर्फाच्या आड तांब्याची नळी असते. तिला एक भोक पडले की सर्व गॅस जातो आणि कॉइलही बदलावा लागू शकतो. माल दुसरीकडे हलवून, यंत्र बंद करून, दार उघडे ठेवून बर्फ आपोआप वितळू द्यावा. घाई असेल तर आयसोलेटर बंद असल्याची खात्री करून कोमट पाणी ओतावे.

ड्रेनची परीक्षा दर आठवड्याला करावी. इव्हॅपोरेटरखालच्या ट्रेमध्ये तांब्याभर कोमट पाणी ओतावे आणि दुसऱ्या माणसाला बाहेर नळीच्या तोंडाशी उभे करावे. पाणी जसे ओतले तसे बाहेर आले पाहिजे. थेंब थेंब आले तर नळीत चिकट शेवाळ आहे. अजिबात आले नाही तर फ्रीझरमध्ये ड्रेन हीटर तपासावा लागेल. फ्रीझरमध्ये ही परीक्षा डीफ्रॉस्ट संपता संपता करावी, म्हणजे पाणी वाटेतच गोठणार नाही. नळीला खोलीबाहेर वळण दिलेले असावे आणि त्यात पाणी असावे, नाहीतर बाहेरची ओली हवा, गटाराचा वास आणि झुरळे त्याच वाटेने आत येतात.

पॅनेलच्या बाहेरच्या बाजूला पावसाळ्यात एखाद्या सांध्यावर घाम दिसला, तर तेथून थंडी बाहेर येत आहे. सांधा कोरडा करून सिलिकॉन भरून घ्यावे. आतली जमीन आणि भिंती न्यूट्रल डिटर्जंटने पुसाव्यात. सांध्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारला तर पाणी पफमध्ये मुरते, आणि ओला पफ उष्णता रोखत नाही.

वीज

विजेच्या पॅनेलमधले काम परवानाधारक वायरमननेच करावे. आपण मात्र काही गोष्टी पाहू शकतो. थ्री-फेज यंत्रासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेल्यास यंत्र बंद करणारे उपकरण) बसवलेला आहे का, आणि तो कोणी ‘तात्पुरता’ बायपास तर केलेला नाही ना? वीज गेल्यानंतर परत आल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू होतो की तीन ते पाच मिनिटे थांबतो? थांबायला हवा, नाहीतर दाबाखाली असलेला कॉम्प्रेसर जोर लावून अडकतो आणि वाइंडिंग जळते. जनरेटरवर जाताना आणि परत लाइनवर येतानाही हीच काळजी लागते. कॉम्प्रेसर तासाला सात-आठ वेळांपेक्षा जास्त चालू-बंद होत असेल, तर ते वहीत लिहून लगेच कळवावे. तिमाहीतून एकदा वायरमनकडून सर्व टर्मिनल आवळून घ्यावेत आणि तिन्ही फेजचा करंट मोजून वहीत लिहून घ्यावा. तीन फेजच्या व्होल्टेजमधील तफावत २ टक्क्यांच्या आत असावी.

कॉम्प्रेसरला खाली हीटर असेल, तर रात्री बचत म्हणून बाहेरच्या युनिटची मेन बंद करू नये. तो हीटर थांबलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलात गॅस मिसळू देत नाही. दीर्घ काळ बंद असलेले युनिट सुरू करण्याआधी मेन कित्येक तास चालू ठेवावी लागते.

गॅस

कूलिंग कमी आले की ‘गॅस भरून टाका’ हे वाक्य लगेच ऐकू येते. गॅस बंद नळ्यांत फिरत असतो. तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. दर उन्हाळ्यात गॅस भरणारी दुकाने मी पाहिली आहेत, आणि तेथे दरवर्षी होणारा खर्च एकदाच जोड नीट वेल्डिंग करून घेण्याच्या खर्चाहून कितीतरी अधिक असतो.

मेकॅनिकला बोलावण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. बारीक नळीवर काचेची लहान खिडकी असेल, तर यंत्र दहा-पंधरा मिनिटे स्थिर चालल्यानंतर तिच्यात सतत बुडबुडे दिसतात का? सुरुवातीला दिसणारे बुडबुडे चिंतेचे नाहीत. त्या खिडकीतला रंगीत ठिपका हिरवा आहे की पिवळा? पिवळा म्हणजे नळ्यांत ओलावा. आणि जोडांवर, व्हॉल्व्हच्या बुडाशी, फ्लेअर नटांवर तेलाचे डाग आहेत का? गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असल्याने गळतीच्या जागी ते झिरपते. साबणाच्या फेसाने जागा पक्की करता येते. बुडबुडे दिसले तरी फिल्टर ड्रायरच्या (गॅसमधला कचरा आणि ओलावा अडवणाऱ्या, नळीवरच्या डब्याच्या) दोन्ही टोकांना हात लावून पाहावा. एक टोक स्पष्टपणे थंड लागले तर गॅस कमी नसून ड्रायर तुंबलेला असू शकतो.

दुरुस्ती झाल्यावर गळतीची जागा दाखवायला सांगावे, नायट्रोजनने दाब देऊन पाहिला का ते विचारावे, व्हॅक्यूम पंप किती वेळ चालवला आणि गॅस काट्यावर तोलून किती भरला, हे बिलावर लिहून घ्यावे. आर-४०४ए हा तीन घटकांचा मिश्र गॅस असल्याने तो सिलिंडरमधून द्रवरूपातच घ्यावा लागतो. जुन्या सिस्टिममध्ये आर-२२ असेल, तर ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ संपणार आहे, हे मोठी दुरुस्ती करण्याआधी ध्यानात घ्यावे. आर-४०४ए ओझोनला इजा करत नाही, पण त्याची हवामान तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३९०० पटींहून जास्त आहे, म्हणून तो हवेत सोडून न देता सिलिंडरमध्ये परत काढून घ्यायला सांगावे. आर-२९० म्हणजे प्रोपेन; तो असलेल्या यंत्राजवळ ज्योत किंवा ठिणगी चालत नाही, आणि त्याला प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावू नये. कोणत्याही गॅसची मोठी गळती बंद खोलीत झाली तर तो प्राणवायूची जागा घेतो. अशा वेळी आत न जाता दार उघडे टाकून, माणसे बाहेर काढून हवा खेळू द्यावी.

वार्षिक कराराआधी

सेवा करार करताना ‘चार भेटी’ एवढेच लिहिलेले असेल तर त्यात प्रत्येक भेटीत काय करायचे ते लिहून घ्यावे : दोन्ही कॉइलची सफाई, तिन्ही फेजचा करंट, सक्शन आणि डिस्चार्जचे (कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या गॅसचे) दाब, डीफ्रॉस्ट हीटरची तपासणी, तेलाची पातळी, दाराचे गॅस्केट. भेटी वर्षभर सारख्या अंतरावर न ठेवता एक मार्चमध्ये, उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी, आणि एक मेच्या शेवटी, पावसाआधी ठरवावी. उरलेल्यांपैकी एक भेट दिवाळीच्या किमान तीन आठवडे आधी, म्हणजे एखादा सुटा भाग मागवावा लागला तरी तो माल भरण्यापूर्वी बसेल. मेकॅनिक आल्यावर त्याच्यापुढे आधी तापमानाची वही ठेवावी, मग कोल्ड रूमचे दार उघडावे.